पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी : डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

तुमच्या घरात किंवा नात्यात कुणाला पक्षाघात झाला असेल, तर त्या रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड काढून बघा. वर तपासण्यांचे आकडे असतील. खाली गोळ्यांची यादी असेल. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं नीट लिहिलेलं असेल. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ असेल : 'फिजिओथेरपी चालू ठेवणे.'

कुणाकडून? दिवसातून किती वेळा? किती महिने? कशासाठी? यातलं काहीच तिथे नसतं. ही ओळ मी स्वतः वर्षानुवर्षं अशीच लिहीत आलो आहे. ती किती अपुरी आहे हे मला एका रुग्णाच्या पत्नीने शिकवलं. आज तेच तुम्हाला सांगणार आहे.

बीपी छान, साखर छान, आणि हात?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एसटीत चालक असलेले एक गृहस्थ, वय अठ्ठावन्न, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले. पहाटे उठले तर उजवा हात-पाय हलेना, बोलणं जड झालेलं. झोपेत कधी सुरू झालं ते कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत हुकली होती. पण जीव वाचला. नवव्या दिवशी घरी सोडलं, तेव्हा पाय थोडा हलत होता, हात लुळाच होता. कार्डावर मी नेहमीची शेवटची ओळ लिहिली.

मध्ये दोनदा त्यांचा मुलगा एकटाच येऊन गोळ्या लिहून घेऊन गेला. तीन महिन्यांनी रुग्णाला व्हीलचेअरवरून घेऊन आले. रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, कोलेस्टेरॉल उत्तम. मी मनातून खूश झालो. मग हात तपासायला घेतला आणि ते ओरडले. खांदा जखडून गेला होता. कोपर छातीशी वाकलेलं, मूठ घट्ट मिटलेली. ती हळूहळू उघडली तर आत घाम साचून कातडी पांढरी पडलेली आणि नखं तळव्यात रुतलेली. घोटा खाली वळून टाच उचललेली होती, त्यामुळे पाय टेकवताच येत नव्हता.

मी जरा चिडूनच विचारलं, "वहिनी, फिजिओथेरपी केली नाही का?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रोज दोन वेळा तेल लावून मालीश केलं. दाराला दोरी आणि कप्पी बांधून हात वर-खाली केला. हातात चेंडू दिला दाबायला. तुम्ही कागदावर लिहिलं होतं, पण म्हणजे नेमकं काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्या बाईने तीन महिने रोज कष्ट केले होते. त्यातला काही भाग वाया गेला होता आणि काही भागाने नुकसानही केलं असणार. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मेंदूत नक्की काय होतं?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद झाला, की तिथल्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी परत जिवंत होत नाहीत. मग रुग्ण सुधारतो कसा?

सुरुवातीच्या दिवसांत मेंदूची सूज उतरते, आजूबाजूच्या धक्का बसलेल्या पेशी सावरतात. ही सुधारणा बरीचशी आपोआप होते. त्यापुढची सुधारणा मात्र मेंदू नव्याने शिकतो म्हणून होते. घाटातला मुख्य रस्ता दरड कोसळून बंद झाला, तर गाड्या आडवाटेने जायला लागतात. सुरुवातीला ती वाट अरुंद, खड्ड्यांची असते. पण रोज गाड्या गेल्या की ती मळते, रुंद होते. मेंदूचंही तसंच आहे. शाबूत राहिलेले भाग आणि जोडण्या हळूहळू गेलेलं काम उचलतात. फक्त अट एकच, त्या वाटेने रोज वाहतूक व्हायला हवी. इथे वाहतूक म्हणजे हालचालीचा प्रयत्न, तोही पुन्हा पुन्हा, लक्ष देऊन, आणि रोजच्या कामाशी जोडलेला.

उलट घडलं तर काय होतं, हे एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्यावर माकडं तो हात वापरणंच सोडून देत. पण चांगला हात बांधून ठेवला, की तोच 'निकामी' हात ती वापरायला लागत. म्हणजे हात हलू शकत होता, पण न वापरण्याची सवय लागली होती. पक्षाघाताच्या रुग्णांतही हे होतं. उजवा हात साथ देत नाही, म्हणून डाव्याने काम भागवलं जातं. घरचे प्रेमाने भरवतात, बटणं लावून देतात. उजव्या हाताला कामच उरत नाही, आणि मेंदू त्याला विसरत जातो.

यावरूनच चांगला हात दिवसातला बहुतेक वेळ मिटनमध्ये ठेवून बाधित हाताकडून काम करून घेण्याची उपचारपद्धत निघाली. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पक्षाघात होऊन ३ ते ९ महिने झालेल्या रुग्णांनाही दोन आठवड्यांच्या अशा उपचाराने फायदा झाला. ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी उघडतात, अशांसाठीच ही पद्धत आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. कुणाला लागू पडेल हे तपासून ठरवावं लागतं.

मालीश म्हणजे फिजिओथेरपी नव्हे

हे मला ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. मालीश करताना रुग्ण पडून असतो आणि मालीश करणाऱ्याला घाम येतो. मेंदूला शिकायचं असेल तर घाम रुग्णाला यायला हवा. मालिशीने बरं वाटतं, कातडी चांगली राहते, माणसाचा स्पर्श होतो. त्याला माझी हरकत नाही. पण त्याने हात चालायला लागत नाही. कबुतराच्या रक्ताने चोळणं वगैरे प्रकारांबद्दल तर मी बोलतच नाही.

तीच गोष्ट मशीनची. अनेक घरांत मी ऐकतो, "रोज शेक देतात, करंट देतात, वीस मिनिटं मशीन लावतात." योग्य रुग्णात, योग्य स्नायूवर, हालचालीच्या प्रयत्नासोबत विद्युत उत्तेजनाचा उपयोग होतो. पण वायरी लावून रुग्ण छताकडे बघत पडला असेल आणि थेरपिस्ट दुसऱ्या खोलीत असेल, तर तुम्ही पैसे देऊन वेळ घालवत आहात.

चांगला फिजिओथेरपिस्ट काय करतो? आधी तपासतो. कोणता स्नायू दुबळा, कोणता ताठर, तोल कुठे जातो, संवेदना किती आहे, रुग्णाला समजतं किती हे बघतो. मग रुग्णाला विचारतो, तुम्हाला काय करता यायला हवं? खाटेवरून उठणं, संडासला एकट्याने जाणं, उंबरा ओलांडणं, भाकरीचा तुकडा मोडणं. त्या कामाचे तुकडे पाडतो आणि एकेक तुकडा शेकडो वेळा करून घेतो. दर पंधरा दिवसांनी मोजमाप करतो आणि पुढची पायरी ठरवतो. महाराष्ट्रात गेली अनेक वर्षं बीपीटीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा आहे. हे शिक्षण मालीश करायला शिकण्यासाठी घेतलेलं नसतं. हाताच्या बारीक कामांसाठी, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं यासाठी, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो. बोलणं आणि गिळणं यासाठी स्पीच थेरपिस्ट. आपल्याकडे या दोघांची नावंही बहुतेक कुटुंबांना माहीत नसतात.

डोस किती?

प्रतिजैविकाची गोळी दिवसातून तीनदा लिहिली असताना तुम्ही आठवड्यातून दोनदा घेतली, तर जंतू मरणार नाहीत. आणि मग 'औषधाचा गुण आला नाही' असं म्हणण्यात अर्थ नाही. फिजिओथेरपीलाही डोस असतो.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२३ साली आपली शिफारस बदलली. आधी प्रत्येक थेरपीसाठी दिवसाला पाऊण तास असं सांगितलं जायचं. आता ज्यांना झेपेल त्यांना सगळ्या थेरपी मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस अशी शिफारस आहे. आपल्याकडे आठवड्यातून तीनदा अर्धा तास मिळाला तरी कुटुंब म्हणतं, "फिजिओ चालू आहे की." तोही महिनाभरात बंद होतो.

श्रीमंत देशांतही हे प्रमाण कमी पडतं. २००९ साली अमेरिकेत प्रत्यक्ष निरीक्षण करून मोजलं, तेव्हा ज्या सत्रांत बाधित हाताच्या उपयोगी हालचाली करून घेतल्या, तिथे त्या सरासरी फक्त ३२ भरल्या. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसायला दिवसाला काहीशे हालचाली लागतात. त्यामुळे थेरपिस्टसमोरचा अर्धा तास हा शिकवणीसारखा समजा. खरा अभ्यास उरलेल्या दिवसभरात व्हायला हवा.

मग पहिल्या दिवसापासूनच जोरात सुरू करायचं का? नाही. २०१५ साली पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झालेला 'अ‍ॅव्हर्ट' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या २४ तासांतच रुग्णांना उठवून वारंवार आणि जास्त वेळ हालचाल दिली, तर त्यांची प्रगती नेहमीच्या उपचारापेक्षा थोडी कमीच दिसली. म्हणून पहिल्या दिवशी नातेवाइकांनी उत्साहाने रुग्णाला उठवून चालवू नये. स्थिती स्थिर झाली की साधारण एक-दोन दिवसांत, डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं पण दिवसातून अनेक वेळा. पुढच्या आठवड्यांत मात्र हात आखडता घ्यायचा नाही. पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे असतात, आणि आपल्याकडे नेमके तेच 'अशक्तपणा आहे, जरा आराम पडू दे' म्हणण्यात जातात.

घरच्यांनी शिकून केलं तर?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि तो रास्त आहे. सगळ्यांना रोज थेरपिस्ट परवडत नाही. आपल्या देशात याचं उत्तर शोधायचा मोठा प्रयत्न झाला. 'अटेंड' नावाच्या अभ्यासात भारतातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्या माणसांना रुग्णालयात व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली आणि घरी गेल्यावरही ती सुरू ठेवायला मदत केली. उरलेल्यांना नेहमीचाच उपचार. २०१७ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले रुग्ण दोन्ही गटांत शंभरातले सुमारे ४७. काहीच फरक नाही.

हा निकाल वाचून मला वाईट वाटलं होतं, कारण मलाही वाटत होतं की आपल्याकडची एकत्र राहणारी, सेवा करणारी कुटुंबं हीच आपली ताकद. पण याचा अर्थ घरच्यांची मदत निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. घरच्यांना थोडक्यात शिकवून प्रशिक्षित माणसाची जागा भरून निघत नाही, असा मी घेतो. पत्नी, सून, मुलगा हे थेरपिस्टचे मदतनीस आहेत. त्यांच्यावर सगळा भार टाकून आपण डॉक्टरांनी आणि सरकारने मोकळं होणं चूक आहे.

आणि हा भार कुणावर पडतो तेही बघा. माझ्या दवाखान्यात रुग्णासोबत येणारी बहुतेक वेळा बाईच असते. तिची कंबर दुखत असते, तिची स्वतःची बीपीची गोळी चुकलेली असते. रुग्णाला खाटेवरून उचलायची योग्य पद्धत तिला शिकवली नाही, तर काही महिन्यांत घरात दोन रुग्ण होतात.

घरी या चुका टाळा

१. लुळा हात धरून ओढू नका, आणि काखेत हात घालून रुग्णाला उचलू नका. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराने जागेवर असतो. स्नायू सैल पडल्यावर तो सहज निसटतो, आणि मग दुखणं महिनोन्‌महिने राहतं. बसवताना हात उशीवर किंवा टेबलावर ठेवा, लोंबकळू देऊ नका.

२. दोरी-कप्पीने हात डोक्यावर खेचू नका. याने खांदेदुखी वाढते हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आमच्या वहिनींनी नेमकं हेच केलं होतं.

३. हात ताठरत असेल तर विचारल्याशिवाय चेंडू दाबायला देऊ नका. पक्षाघातात बोटं मिटणारे स्नायू बहुधा आधीच जोर करत असतात. गरज मूठ उघडायला शिकण्याची असते.

४. ठसका लागत असेल, आवाज ओलसर येत असेल, तर पाणी-चहा पाजण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. आडवं झोपवून कधीही भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया जीव घेतो.

५. सगळं हातात आणून देऊ नका. रुग्णाला बटण लावायला दहा मिनिटं लागली तर लागू द्या. तोच व्यायाम आहे.

६. रुग्ण रडतो, चिडतो, 'मला नाही करायचं' म्हणतो, त्याला आळस समजू नका. पक्षाघातानंतर नैराश्य फार जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. मन बसलेलं असेल तर व्यायाम होत नाही. डॉक्टरांना सांगा.

प्रत्येक आजाराची फिजिओथेरपी वेगळी

'नसांचा आजार आहे, फिजिओ करा' हा सल्लाही अर्धवटच. आजाराप्रमाणे व्यायाम बदलतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्ता परिसरात, गिलेन बारे सिंड्रोमची साथ आली आणि रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. तेव्हा व्हेंटिलेटर आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांच्या बातम्या रोज होत्या. पण या आजारात साधारण पाचातला एक रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालू शकत नाही, आणि तोपर्यंत बातम्या थांबलेल्या असतात. इथे मेंदू ठीक असतो, बाहेरच्या नसांना इजा झालेली असते. नसेचा तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणून इथे घाई चालत नाही. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी जास्त अशक्त वाटलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. पक्षाघातात 'अजून करा' म्हणणारा मी, इथे 'बेताने करा' म्हणतो.

पार्किन्सन्समध्ये ताकद असते पण हालचाल लहान आणि मंद होते, दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तिथे मुद्दाम मोठी पावलं, मोठे हात, मोठा आवाज यांचा सराव लागतो. जमिनीवर आखलेल्या पट्ट्या किंवा तालाचा आवाज यांनी अडलेलं पाऊल सुटतं. इथे व्यायाम सुरुवातीपासून आणि कायमचा. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट रुग्णांना एकत्र आणतात, त्याचा फायदा मी पाहिला आहे. एकट्याने न होणारा व्यायाम दहा जणांत होतो.

'सहा महिने झाले, आता काय उपयोग?'

हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्याच तोंडून लोकांपर्यंत पोचलं आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, नंतर तो मंदावतो, हे खरं. पण मंदावणं म्हणजे संपणं नव्हे. वर्षानंतरही चालण्याचा वेग, तोल, हाताचा वापर यांत फरक पडू शकतो. आणि सुधारणा थांबली असली, तरी आहे ते टिकवायला व्यायाम लागतोच, नाहीतर सांधे आखडतात.

पण खोटी आशाही मी दाखवणार नाही. काहींचा हात परत येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे उलटूनही बोटांत अजिबात हालचाल नसेल, तर हाताच्या बारीक कामाची शक्यता कमी असते. ते रुग्णाला मोकळेपणाने सांगावं आणि एका हाताने जगणं सोपं करायला शिकवावं. दुसऱ्या हाताने लिहिणं, बाथरूममध्ये आधाराची दांडी, पायाला एएफओ नावाची पट्टी, ताठरपणा फार असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन आणि त्यासोबत व्यायाम. हेही पुनर्वसनच आहे. 'शंभर टक्के बरा करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पैशाचं काय?

आमच्या भागात घरी येणारा थेरपिस्ट एका वेळेचे साधारण चारशे ते सहाशे रुपये घेतो. रोज बोलावलं तर महिन्याला बारा ते अठरा हजार. घरातला कमावता माणूसच आजारी पडलेला असतो. आरोग्य विमा अतिदक्षता विभागाचे लाखो रुपये देतो, पण घरी सोडल्यावर ठरावीक दिवसांपुढे बहुतेक पॉलिसी हात वर करतात. म्हणजे जीव वाचवायला पैसे आहेत, पण वाचलेला माणूस उभा राहायला नाहीत. मला हे धोरण अजब वाटतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी 'निरामय' योजनेत बाह्यरुग्ण थेरपीचा खर्च धरलेला आहे. तसाच विचार पक्षाघाताच्या रुग्णांसाठी का होऊ नये? प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट का नसावा?

तोपर्यंत जे हाताशी आहे ते वापरा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून याच कामाची केंद्र सरकारची संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात फी कमी असते. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा चांगल्या थेरपिस्टकडे जा, आठवडाभराचा व्यायाम लिहून घ्या, करताना मोबाइलवर चित्रण करून त्याला दाखवा. कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचा त्या कायद्याच्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे.

डॉक्टरांना हे विचारा

रुग्णालयातून निघताना शेवटच्या ओळीवर समाधान मानू नका. न घाबरता विचारा :

- थेरपी कोणती? फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच, की तिन्ही?
- कधीपासून, दिवसाला किती वेळ, आठवड्यातून किती दिवस?
- येत्या महिन्याचं ध्येय काय? आधाराने उभं राहणं, की संडासपर्यंत चालणं?
- घरी आम्ही काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही? एकदा करून दाखवाल का?
- गिळणं तपासलं का?
- पुन्हा कधी दाखवायचं, आणि त्या वेळी हात-पायही तपासाल ना?

डॉक्टर घाईत असतील, कदाचित कपाळाला आठ्या घालतील. तरी विचारा. आणि माझ्या पेशातले कुणी हे वाचत असतील, तर त्यांना विनंती, कार्डावर फिजिओथेरपी गोळीसारखी लिहा. नाव, डोस, वेळ, मुदत. मी आता तसंच लिहितो. रुग्णामागे पाच मिनिटं जास्त जातात.

त्या एसटीच्या चालकांचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. त्यांना मी शेजारच्या शहरातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आधी खांदेदुखी आणि टाच यांवर दोन महिने गेले. जे तीन महिने आम्ही घालवले होते, ते तिला आधी फेडावे लागले. सहा महिन्यांनी ते पट्टी आणि काठी घेऊन चालायला लागले. हात खांद्यापर्यंत उचलतो, ताट धरून ठेवतो, पण बोटांनी घास उचलता येत नाही. ते डाव्या हाताने जेवतात. हात वेळेवर सुरू केला असता तर जास्त सुधारला असता का? खात्रीने सांगता येणार नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

परवा ते स्वतः चालत दवाखान्यात आले. रोज संध्याकाळी स्टँडपर्यंत जाऊन येतात, जुन्या सहकाऱ्यांत बसतात. वहिनींनी पिशवीतून वही काढली. रोज काय व्यायाम केला, किती वेळा केला, सगळं त्यात लिहिलेलं. म्हणाल्या, "डॉक्टर, आता बघा तुम्ही." मी आधी वही वाचली, मग बीपी घेतलं.